टाळ वाजत राहिला तर

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की कर्नलसाहेब, सैन्यातल्या गोष्टी पुरे, आता देवाधर्मावर बोला. आज दोन्ही एकत्र बोलतो, कारण माझ्या डोक्यात ते वेगळे नाहीतच.

मी बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये राहतो. ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. होसूर रोड आणि सर्जापूर रोड यांच्यामध्ये वसलेली ही वसाहत आहे, सात सेक्टरांची. वरच्या अंगाला अगरा तलाव. आयटीतली तरुण मुलं आणि त्यांच्याकडे राहायला आलेले आईवडील, अशी साधारण इथली वस्ती. मी आर्मी सर्व्हिस कोअरमधून निवृत्त झालो. आमच्या कोअरचं केंद्र बंगळुरूतच आहे. तरुणपणी प्रशिक्षणाला इथे आलो होतो, तेव्हाच या हवेच्या प्रेमात पडलो आणि निवृत्तीनंतर इथेच घर घेतलं. सर्व्हिस कोअरचं काम म्हणजे शिधा, इंधन आणि वाहतूक. बंदूक चालवणाऱ्याच्या पोटात वेळेवर भाकरी गेली पाहिजे, एवढीच आमची प्रतिज्ञा. भात, डाळ, तेल, मीठ, सगळं माणशी ग्रॅममध्ये मोजून द्यायची सवय तिथे लागली. ती सवय पुढे गोष्टीत येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आमच्या सोसायटीत गणपती बसतो. मराठी कुटुंबं चाळीसेक असतील. बाकी कन्नड, तेलुगू, ओडिया, बंगाली असे सगळे. गणपती म्हटल्यावर कोणी परका राहत नाही. कोविडनंतरच्या पहिल्या मोठ्या उत्सवात, २०२२ साली, शेवटच्या दिवशी महाप्रसाद ठेवला होता. जागा तळघरातल्या पार्किंगची. अंदाज तीनशेचा, आले पाचशेच्या वर. एकच टेबल, एकच रांग, आणि तीही दोन्ही बाजूंनी सुरू झालेली. मागून कोणीतरी ओरडलं, 'बासुंदी संपत आलीय.' एवढंच कारण झालं. एका शेजाऱ्याच्या मातोश्री, वय पंच्याहत्तर, ताट हातात घेऊन उभ्या होत्या. त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण त्यानंतर त्या वॉकरशिवाय चालल्या नाहीत. ढकलणारा कोण, हे कोणालाच सांगता आलं नाही, आणि कोणी मुद्दाम ढकललंही नव्हतं. सगळे भाविक होते, सगळे सुशिक्षित होते. मी तिथेच उभा होतो. ज्या माणसाने हयातभर हजारो जवानांच्या जेवणाची व्यवस्था पाहिली, तो माणूस हातात द्रोण घेऊन उभा होता.

आपल्याकडे मोठ्या दुर्घटनांनंतर चौकशा होतात आणि भक्त बेशिस्त होते असं म्हणून आपण मोकळे होतो. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी, काळुबाईच्या यात्रेत, तीनशेच्या आसपास माणसं गेली. अरुंद, चढाची वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंनी दुकानं, आणि मग आग. त्याआधी नाशिकच्या कुंभमेळ्यात २७ ऑगस्ट २००३ रोजी चेंगराचेंगरीत ३९ जण दगावले. या लोकांची भक्ती कमी होती का? नाही. उतरायची वाट वेगळी नव्हती, थांबायची जागा ठरलेली नव्हती, आणि पुढे काय झालंय हे मागच्याला कळायची सोय नव्हती. भक्तीने यातलं काहीच आपोआप होत नाही. ते कोणीतरी आधी बसून करावं लागतं. पूजेत फुलं वाहणं ही सेवा आहे, हे आपल्याला समजतं. पण चपला ठेवायची जागा आखणं हीसुद्धा सेवाच आहे, हे आपल्याकडे जरा उशिरा समजतं.

शेगावला गेलेल्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. गजानन महाराज संस्थानात पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी बिनपगारी पाळीने येतात, कोणी झाडतो, कोणी वाढतो, कोणी नुसता रांगेच्या वळणावर उभा राहून 'माउली, पुढे चला' म्हणतो. भाविकाला माउली म्हणायचं, ही तिथली रीत. त्या एका शब्दाने अर्धी धक्काबुक्की थांबते. आवाज न चढवता हुकूम कसा द्यावा, हे मी त्या वळणावर उभ्या असलेल्या माणसाकडून शिकायला हवं होतं. पण शिकलो नाही. कसा ते सांगतो.

२०२३ साली सोसायटीने व्यवस्था माझ्याकडे दिली. मी खूश. दोन पानी आदेशच काढला. वेळापत्रक, कामवाटप, राखीव तुकडी, सगळं. प्रत्येक फ्लॅटला माणशी एक कूपन, तीन रंगांची, तीन पंगती. जायची वाट एका जिन्याने, यायची दुसऱ्या जिन्याने. ज्येष्ठांना खुर्च्या, आणि त्यांना जागेवर ताट. एक पंगत पस्तीस मिनिटांत उठली. एकही धक्का नाही, एकही माणूस उपाशी नाही. निदान मला तसं वाटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मातोश्री वॉकर घेऊन आल्या होत्या, त्यांनी पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात साफसफाई करणाऱ्या एक मावशी भेटल्या. रायचूरकडच्या. पाचही दिवस सभागृह त्यांनीच झाडलं होतं, निर्माल्य त्यांनीच उचललं होतं. मी माझ्या मोडक्या कन्नडात विचारलं, 'ऊट आयता?' म्हणजे काल जेवलात का, अशा अर्थाने. त्या नुसत्या हसल्या आणि पायरी पुसायला लागल्या. मग माझ्या लक्षात आलं. कूपनं फ्लॅटवार होती. फ्लॅट नसलेल्या माणसाला कूपन नव्हतं. माझ्या दोन पानी आदेशात सफाईचे अकरा जण आणि पहाऱ्यावरचे नऊ जण कुठेच नव्हते. आदल्या वर्षीच्या गोंधळात निदान त्यांनी मागून येऊन ताट भरून घेतलं असेल. माझ्या शिस्तीत तेही जमलं नव्हतं.

आणि मला सांगणार कोण? मी गणवेशात नसलो तरी बोलतो त्याच आवाजात.

त्या पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, मी वारीला गेलो. पूर्ण नाही, गुडघे आता तेवढे राहिले नाहीत. पुण्यातल्या एका जुन्या स्नेह्यांची दिंडी माउलींच्या रथामागे चालते, तिच्याबरोबर सासवडहून फलटणपर्यंत. मनात भक्ती होतीच, पण खरं सांगतो, कुतूहल जास्त होतं. लाखो माणसं, आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर, ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान आणि आषाढी एकादशीला चंद्रभागा, आणि कुठेही हुकूम देणारा सेनापती दिसत नाही. हे चालतं कसं?

याचा इतिहास माझ्यासारख्या फौजी माणसाला फारच जवळचा आहे. संतांच्या पादुका पालखीत घालून पंढरीला न्यायची प्रथा तुकाराम महाराजांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केली. पुढे बरीच वर्षं ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीत असत. आज आळंदीचा जो स्वतंत्र सोहळा आपण पाहतो तो हैबतबाबा आरफळकर यांनी उभा केला, साधारण १८३२ मध्ये. हे हैबतराव पवार, सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. गावाकडे परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना अडवून कोंडून ठेवलं, तिथे ते हरिपाठ म्हणत बसले आणि सुटले, अशी कथा वारकरी सांगतात. सुटल्यावर गावी न जाता आळंदीलाच राहिले. म्हणजे बघा, आमच्यासारखाच एक निवृत्त फौजी अधिकारी. फरक इतकाच की त्याने सोसायटीच्या कमिटीत न जाता माउलींची सेवा पत्करली.

आणि लवाजमा लागणार तो कुठून आला? अंकलीहून. बेळगाव जिल्ह्यात चिकोडी तालुक्यात, कृष्णेकाठी अंकली आहे, आमच्या कर्नाटकातच. तिथल्या शितोळे सरदारांनी घोडे, तंबू वगैरे दिलं. आजही माउलींचे अश्व दरवर्षी अंकलीहून पायी निघतात आणि तीनशे किलोमीटरच्या आसपास चालून प्रस्थानाला आळंदीत पोचतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कोणी बसत नाही, तो माउलींचा. कर्नाटकातल्या मराठी माणसांनी वारी ही महाराष्ट्राची, आपण लांबचे, असं वाटून घेऊ नये. घोडे आपल्याकडून जातात.

हैबतबाबांनी वारीला जे दिलं ते सैन्यातून आलेलं दिसतं. पहाटे कर्णा तीनदा वाजतो. पहिल्याला बिस्तरा आवरायचा, दुसऱ्याला आपल्या दिंडीच्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला पाऊल टाकायचं. आमच्याकडे याला वेगळे शब्द असतील, पण काम हेच. रथापुढे २७ दिंड्या, प्रत्येकीला क्रमांक, आणि तो क्रम ठरलेला. रथामागे शेकड्यांनी दिंड्या, त्यांचेही क्रमांक. नवीन दिंडीला मधेच घुसता येत नाही, तिने मागे चालायचं. आपण सासवडच्या रस्त्यावर कोठेही उभे राहा आणि पताकेवरचा क्रमांक वाचा, पुढची दिंडी किती वेळाने येईल ते साधारण सांगता येतं.

दिंडीच्या आतही रचना आहे. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये पखवाज, आणि विणेकरी. डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, पाण्याचा हंडा घेतलेल्या बायका. दिंडीचं केंद्र म्हणजे विणेकरी. तो पैशाने मोठा असेलच असं नाही. आमच्या दिंडीतला विणेकरी फलटणकडचा एक शेतकरी होता, पायात झिजलेल्या चपला. पण वीणा त्याच्या गळ्यात होती, म्हणून अभंग कोणता आणि कधी सुरू करायचा, ते त्याच्याकडे. वीणा खाली ठेवायची नाही. थकला तर दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, आणि देताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. अधिकार सोपवण्याची इतकी स्वच्छ पद्धत मी सैन्यातही पाहिली नाही. आमच्याकडे कार्यभार सोपवताना चार पानी यादीवर सह्या होतात, आणि तरी दोन घोंगड्या कमी भरतात.

शिध्याचं सांगायलाच हवं, नाहीतर माझ्या कोअरचे लोक रागावतील. प्रत्येकजण भिशी भरतो, त्यात जेवणाचा खर्च. दिंडीचा ट्रक सकाळी सामान भरून पुढे निघतो. आपण पायी दुपारच्या विसाव्याला पोचतो तोवर तिथे चूल पेटलेली, भाजी शिजलेली. जेवणं झाली की भांडी घासून ट्रक परत पुढे, मुक्कामाच्या गावी, तिथे राहुट्या ठोकल्या जातात. आम्ही ज्याला अॅडव्हान्स पार्टी म्हणतो तीच ही. मी ट्रकबरोबरच्या आचाऱ्याला विचारलं, माणशी तांदूळ किती धरता? तो म्हणाला, 'साहेब, पाऊस पडला तर वाढवायचा. भिजलेला माणूस जास्त जेवतो.' आमच्या शिधाकोष्टकात उंचीनुसार शिधा बदलतो, हिमनदीवर वेगळा, मैदानात वेगळा. पण पावसाचा रकाना नव्हता. मी वहीत लिहून घेतलं.

जेजुरीला भंडाऱ्याने पिवळे होऊन आम्ही दुसऱ्या दिवशी वाल्ह्याला पोचलो. जुलैचा पहिला आठवडा, बारीक पाऊस. आणि तिथे मी ते पाहिलं ज्यासाठी हा भाग करतोय.

रात्रीच्या तळावर समाज आरती होते. पालखी मध्यभागी ठेवतात आणि सगळ्या दिंड्या सभोवती उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात, 'ज्ञानोबा माउली तुकाराम' चालू असतं. बाजूच्या माणसाशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं. मग चोपदार उभा राहतो. हातात चांदीने मढवलेला चोप, म्हणजे दंड. तो चोप वर करतो आणि 'हो' म्हणतो. एकच शब्द. आणि मंडळी, सगळं थांबतं. ध्वनिक्षेपक नाही, शिट्टी नाही, पोलीस नाही. मी परेडवर आठशे जवानांना सावधान केलेलं आहे, त्या वेळी टाचांचा आवाज एकत्र आला की छाती फुगते. पण त्या जवानांना न ऐकण्याची किंमत ठाऊक होती. इथे न ऐकल्याने कोणाचं काहीच बिघडणार नव्हतं.

सगळं थांबलं, पण पूर्ण नाही. डाव्या बाजूला लांब कुठेतरी टाळ वाजतच राहिले. मला वाटलं, कोणाला ऐकू गेलं नसेल, किंवा कोणी बेशिस्त असेल. मी शेजारच्या आजोबांकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या. ते म्हणाले, 'त्यांची तक्रार आहे.'

ही रीतच आहे. दिवसभरात ज्या दिंडीला काही अडचण आली, कोणाशी वाद झाला, कोणी क्रम मोडला, त्या दिंडीने चोपदाराच्या 'हो'नंतरही टाळ वाजवत राहायचे. बाकी सगळा समाज शांत उभा असतो, त्यामुळे आवाज कुठून येतो ते नेमकं कळतं. चोपदार तिकडे जातो. त्यांना बोलावून घेत नाही, स्वतः जातो. ऐकून घेतो. निर्णय करण्यासारखं असेल तर सोहळ्याचे मालक, म्हणजे हैबतबाबांच्या घराण्यातले, निर्णय देतात. तो मानायचा. मग टाळ थांबतात. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, दुसऱ्या दिवशी किती वाजता निघायचं ते सांगतात, आणि मग आरती. तक्रार ऐकून झाल्याशिवाय आरती नाही.

त्या रात्रीची तक्रार मामुली होती. पाण्याचा टँकर त्यांच्या तंबूंपर्यंत आला नव्हता. चोपदार चिखल तुडवत गेला, वाकून एका म्हाताऱ्याचं ऐकलं, कोणाला तरी हाक मारली. पाच-सात मिनिटं गेली असतील. तेवढा वेळ हजारो माणसं पावसात, दिवसभर चालून आलेली, एका दिंडीच्या पाण्यासाठी गप्प उभी राहिली.

मला जिन्यातल्या मावशी आठवल्या. माझ्या दोन पानी आदेशात सगळं होतं, फक्त वाजत राहणारा टाळ नव्हता.

आता कोणी म्हणेल, वारीत सगळं आदर्श आहे असं तुम्ही रंगवता. नाही. इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या होत्या, त्यांचा 'वाटचाल' हा लेख 'परिपूर्ती'त आहे. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे दिवसभर बरोबर चालतात आणि जेवायला मात्र वेगळे बसतात, याची खंत त्यांनी त्यात मांडलेली आहे. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वाराशी, बाहेर आहे. विठ्ठलाच्या देवळात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावं लागलं. म्हणजे शतकानुशतकं पूजा वेळेवर होत होती, मानकरी ठरलेले होते, क्रम पाळला जात होता, सगळी व्यवस्था होती, आणि काही माणसं त्या व्यवस्थेत मोजलेलीच नव्हती. त्यांचा टाळ कोणाला ऐकू गेला नाही, किंवा ऐकायचाच नव्हता. शिस्त ही नेहमी चांगलीच असते, असं मी सैन्यातून शिकून आलो होतो. शिस्तीला कान आहेत की नाहीत, हा प्रश्न मला कोणी परीक्षेत विचारला नव्हता.

तसं म्हटलं तर सैन्यातही याची सोय आहे. पलटणीत धार्मिक शिक्षक असतो, ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर हुद्द्याचा. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, पलटणीत कोणते जवान आहेत त्याप्रमाणे. रविवारी मंदिर परेड होते, तिला अधिकारी आपल्या जवानांच्या धर्माप्रमाणे हजर राहतो, स्वतःचा धर्म कोणताही असो. बडाखान्याला अधिकारी जवानांना वाढतात. आणि जवानाला गाऱ्हाणं मांडायला दरबार असतो. म्हणजे हैबतबाबांची रीत माझ्या नोकरीत होतीच. मी गणवेश उतरवताना हुकूम तेवढा घरी आणला आणि दरबार तिथेच ठेवून आलो.

फलटणला दिंडीचा निरोप घेतला तेव्हा विणेकऱ्याने विचारलं, पुढे का येत नाही? गुडघ्यांचं सांगितलं. खरं म्हणजे मला घरी जाऊन यादी दुरुस्त करायची घाई झाली होती.

त्या वर्षी ७ सप्टेंबरला गणपती होते. मी यादीत सफाईचे अकरा आणि पहाऱ्याचे नऊ घातले, वर बागेचे दोन. सर्वांना कूपनं, तीच, तीन रंगांची. आणि टाळांचे वीस जोड आणून टेबलावर ठेवले. नियम सांगितला, मराठीत, इंग्रजीत आणि माझ्या कन्नडात: आरतीआधी हात वर झाला की टाळ थांबवायचे, ज्याची तक्रार असेल त्याने वाजवत राहायचं. कमिटीतल्या दोघांना हे पोरखेळ वाटलं. आपला व्हॉट्सअॅप ग्रुप आहे की तक्रारींना, असं एकजण म्हणाला. मी विचारलं, त्या ग्रुपवर मावशी आहेत का? विषय संपला, पण तो गृहस्थ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पहिल्या दिवशी सगळे टाळ थांबले. दुसऱ्या दिवशी लहान मुलांनी गंमत म्हणून वाजवले. मोदक छोटे आहेत ही तक्रार. ती मी रीतसर ऐकून घेतली, मोदक करणाऱ्या वहिनींना कळवली, आणि त्या अजून माझ्यावर रुसून आहेत. तिसऱ्या दिवशी सकाळच्या आरतीला हात वर केला आणि मागच्या दाराशी एक टाळ वाजत राहिला. हळू, थांबत थांबत. त्याच मावशी. हातातला झाडू त्यांनी दाराला टेकून ठेवला होता.

मी बोलावणारच होतो, पण वाल्हे आठवलं. लोकांतून वाट काढत मागे गेलो. मला वाटत होतं आता काय राहिलं? कूपन तर दिलंय. त्यांनी पदराच्या गाठीतून तेच कूपन काढलं, हिरवं, तिसऱ्या पंगतीचं, आणि म्हणाल्या, 'कूपन इदे सार, टायम् इल्ला.' कूपन आहे, वेळ नाही. त्यांची पाळी पाच वाजता सुटते. पंगती सातला सुरू. घर बोम्मनहळ्ळीच्या पलीकडे, घरी लहान मुलगी एकटी. तीन तास त्यांनी कुठे बसून काढायचे? अकराही जणींचं तेच. आदल्या वर्षीही कूपन दिलं असतं तरी त्या जेवल्या नसत्या. मी यादी दुरुस्त केली होती, घड्याळ नाही.

सभागृह गप्प होतं. कोणीतरी मागून म्हणालं, आरती उशिरा होतेय, ऑफिसचे कॉल आहेत. मी ऐकलं नाही असं दाखवलं. मग मातोश्री वॉकरवर हात ठेवून म्हणाल्या, दुपारी करा ना एक पंगत, मी बसते त्यांच्याबरोबर, मला तसंही संध्याकाळी जड जेवण चालत नाही. त्यावर आरती झाली.

तेव्हापासून शेवटच्या दिवशी साडेतीन वाजता पहिली पंगत असते. सफाईच्या मावशी, माळी, दिवसपाळीचे पहारेकरी, आणि ज्येष्ठ मंडळी, ज्यांना लवकर जेवायचं असतं. स्वयंपाक दोन वेळा गरम करावा लागतो, आचारी जादा पैसे घेतो, त्यावरून दरवर्षी कमिटीत अर्धा तास वाद होतो. यंदाही झाला. रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ते आठला येतात तेव्हा गर्दी ऐन भरात असते आणि त्यांना फाटक सोडता येत नाही. डबे भरून पाठवतो, पण डबा म्हणजे पंगत नव्हे, हे मलाही कळतं.

साडेतीनच्या पंगतीला भात मी वाढतो. माणशी किती ते हाताला ठाऊक आहे, त्यामुळे डाव जरा आखडता पडतो. यंदा मावशींनी त्यावरही टाळ वाजवला.

पुढच्या भागात शिधाकोष्टकाबद्दल बोलू. नमस्कार.